धातूंची टांकसाळ : डॉ. रघुवीर

इंग्रजीच्या पेपराला बसणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक कठीण शब्द घोकणाऱ्यांचा आणि दुसरा कठीण शब्द सोडून देणाऱ्यांचा. 'प्रोजेनी', 'पोटेबल', 'नॉक्टर्नल', 'क्रेड्युलस' असले शब्द समोर आले की पहिला वर्ग वहीच्या समासात अर्थ टिपून ठेवतो आणि परीक्षा संपताच विसरतो. दुसऱ्या वर्गाला तेवढेही कष्ट पडत नाहीत. वास्तविक हे शब्द मूळचे इंग्रजांचे नाहीतच. ते लॅटिन भाषेतून तिकडे गेले, आणि लॅटिनचे व संस्कृतचे घराणे एकच आहे. 'प्रोजेनी' म्हणजे संतती. यातला 'प्रो' हा आपला 'प्र', आणि पुढचा 'जेन' हा आपला 'जन्' धातू. 'प्र' आणि 'जन्' मिळून आपल्याकडे 'प्रजा' झाली, तिकडे 'प्रोजेनी' झाली. एवढे कळल्यावर हा शब्द घोकावा लागत नाही, तो ओळखीचा होतो.

ही ओळख हाताशी धरून ज्यांनी सहकाऱ्यांसह लाखाच्या वर नवे शब्द पाडले, आणि ज्यांच्या पद्धतीचे शब्द आपण त्यांचे नावही न घेता रोज वापरतो, त्या डॉ. रघुवीरांची जीवनकथा येथे सांगावयाची आहे. ते पंजाबचे, मराठी नव्हेत. परंतु त्यांच्या आयुष्यातली ऐन कामाची दहा वर्षे आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात गेली. त्या काळी आपला वर्धा जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याच प्रांताच्या कारभाराची भाषा ते घडवीत होते. तेव्हा त्यांच्याविषयी आपल्या वार्षिकात चार पाने लिहिली तर ती परक्याविषयी लिहिली असे कोणी म्हणू नये.

रघुवीरांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडीस झाला. शिक्षण लाहोरला झाले आणि पुढे ते युरोपात गेले. लंडनची पीएच. डी. आणि हॉलंडमधली डी. लिट्. अशा दोन्ही पदव्या घेऊन ते परत आले आणि लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. त्यांच्या बालपणाकडे मी फार थांबत नाही. त्यांच्या विद्येचे मर्म युरोपातल्या त्या वर्षांत आहे, म्हणून ती विद्या कोणती हे आधी पाहिले पाहिजे.

इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने असे मांडले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे की ते योगायोगाने घडणे शक्य नाही; त्या कोणत्या तरी एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या, भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या पंडितांनी या एका विधानावर सबंध शास्त्र उभे केले. येथे एक खुलासा केलाच पाहिजे, कारण आपल्याकडे भाषणांतून भलतेच ऐकू येते. इंग्रजी संस्कृतातून निघाली असे हे शास्त्र म्हणत नाही. लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण आहे; आणि दोघींची आई आज हयात नाही.

आता या बहिणींच्या घरातली भांडी पाहा. लॅटिनमध्ये अग्नीला 'इग्निस' म्हणतात. भूगोलात आपण जो 'इग्नियस' खडक शिकतो तो अक्षरशः अग्निज खडक. रात्रीला 'नॉक्स', त्यावरून निशाचर प्राण्याला 'नॉक्टर्नल'. आणि संस्कृतात रात्रीला 'नक्त' असा शब्द आहे. श्रावणात दिवसभर उपास करून रात्री जेवतात त्याला आजीच्या तोंडी 'नक्त'च म्हणतात. आजीचे नक्त आणि घुबडाचे नॉक्टर्नल एकाच रात्रीतले! 'क्रेड्युलस' म्हणजे वाटेल त्यावर विश्वास ठेवणारा भाबडा माणूस. त्यातला 'क्रेडो' आणि आपली 'श्रद्धा' एकाच मुळाच्या. 'सॉम्नोलंट' म्हणजे पेंगुळलेला. लॅटिन 'सॉम्नस' म्हणजे झोप, आणि तोच आपला 'स्वप्न'. विद्यापीठाच्या 'सिनेट'मध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा दडला आहे. आपल्या 'सनातन' शब्दातला 'सन', म्हणजे जुना, त्याचाच भाऊबंद. 'बोवाइन' म्हणजे गोवंशातले. लॅटिन 'बॉस', इंग्रजी 'काउ' आणि आपली 'गो' ही तीनही एकाच गोठ्यातली. मला सर्वांत गंमत वाटली ती 'नेपोटिझम'ची. रोमचे काही पोप आपल्या पुतण्याभाच्यांना मोठाल्या जागा देत, त्यावरून हा शब्द पडला. लॅटिन 'नेपॉस' म्हणजे नातू किंवा पुतण्या, आणि संस्कृत 'नप्तृ' म्हणजे नातू. आपला मराठी 'नातू' या 'नप्तृ'चाच झालेला. म्हणजे वशिलेबाजीच्या या भारदस्त शब्दात आपला नातूच जाऊन बसला आहे.

ही विद्या अंगी मुरवून रघुवीर परतले. आधी त्यांनी केलेले काम निव्वळ पंडिती स्वरूपाचे होते. वेदांच्या दुर्मिळ शाखांच्या संहिता त्यांनी संपादिल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती, तीतले विराटपर्व त्यांच्याकडे सोपविले गेले आणि इ. स. १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राशी त्यांचा जुना धागा हा. विराटपर्वात पांडव अज्ञातवासात आहेत हे आपणांस ठाऊक आहेच. इंग्रजीत वेष पालटून वावरण्याला 'इन्कॉग्निटो' म्हणतात. यातला 'इन' म्हणजे आपला नकारार्थी 'अ' किंवा 'अन्', आणि 'ग्नो' म्हणजे 'ज्ञा'. तेव्हा 'इन्कॉग्निटो' म्हणजे जवळजवळ अक्षराला अक्षर 'अज्ञात'. 'इग्नोरन्स' म्हणजे 'अज्ञान', तेही त्याच रीतीने.

लाहोरला असतानाच त्यांनी भारतीय संस्कृतीच्या अभ्यासासाठी 'सरस्वती विहार' ही संस्था काढली होती. भारताची विद्या तिबेट, चीन, मंगोलिया, जावा, बाली येथे कोणत्या वाटांनी गेली याचा शोध घेणे हा तिचा एक उद्योग. दुसरा उद्योग शब्दांचा. स्वराज्य दृष्टिपथात आले होते. उद्या कचेरी, न्यायालय, प्रयोगशाळा, महाविद्यालय आपल्या भाषांत चालवायचे तर शब्द आणायचे कोठून, हा प्रश्न त्यांनी स्वराज्याच्या आधीच अंगावर घेतला. इ. स. १९४६ मध्ये, फाळणीच्या आधीच, संस्था लाहोरहून हलवून त्यांनी नागपूरला आणली. पुढच्या वर्षी लाहोर परदेशात गेले. त्या वेळी पुस्तके व हस्तलिखिते मागे राहिली असती तर काय झाले असते हे सांगणे न लगे.

नागपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. प्रांतात हिंदी व मराठी अशा दोन भाषा, आणि दोन्ही भाषांत कारभार चालविण्याची सरकारची इच्छा. इंग्रजीत लिहिण्याची सवय झालेल्या कारकुनाला उद्या टिपणी देशी भाषेत लिहावयाची तर त्याच्या हाती शब्द हवेत. रघुवीरांना जशी संधी हवी होती तशी ती येथे मिळाली.

त्यांची पद्धत समजावून घेण्यासारखी आहे. ते म्हणत असत त्याचा आशय असा की, इंग्रजीला आपण समृद्ध म्हणतो, पण तिची समृद्धी उसनी आहे. नव्या कल्पनेसाठी शब्द लागला की इंग्रज आपल्या खेड्यातल्या बोलीकडे पाहत नाही. तो लॅटिन व ग्रीकच्या कोठारात जातो, तेथून एक धातू, एक उपसर्ग, एक प्रत्यय उचलतो आणि शब्द जुळवितो. मग आपण आपल्या कोठारात का जाऊ नये? संस्कृतात सुमारे पाचशे चालते धातू, वीसबावीस उपसर्ग आणि कित्येक प्रत्यय आहेत. यांची जुळणी केली तर शब्दांना तोटा नाही. शिवाय लॅटिनचे उपसर्ग आणि संस्कृतचे उपसर्ग अनेक ठिकाणी एकच आहेत. 'प्रो' तो 'प्र', 'सब' तो 'उप', 'सुपर' तो 'उपरि', 'इंटर' तो 'अंतर्'. 'इंटरनॅशनल'चा 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द म्हणूनच इतका सहज बसतो. जेथे रक्ताचे नाते नाही तेथे कामाचे नाते त्यांनी ठरवून दिले : लॅटिन 'कॉन' असेल तेथे 'सम्' घ्यावयाचा. 'स्था' धातू लॅटिनमध्ये 'स्ता' आहे. 'इन्स्टिट्यूशन' आणि 'कॉन्स्टिट्यूशन' या दोहोंत तो बसलेला आहे, आणि आपल्या 'संस्था' शब्दातही.

त्यांच्या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण 'विधी' या शब्दाचे आहे. 'कायदा' किंवा 'कानून' हा शब्द घेतला तर त्याला पोरे फार होत नाहीत. 'बेकायदा', 'कायदेशीर' येथपर्यंत गाडी जाते आणि अडते. 'विधी' घेतला की विधान, विधायक, विधेयक, विधिमंडळ, वैध, अवैध, संविधान अशी सबंध पंगत उठते. इंग्रजीतही हेच झाले आहे. तेथे 'लॉ' हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी आणलेला, त्याला लेकुरवाळेपण नाही. म्हणून 'लीगल', 'लेजिस्लेचर', 'लेजिटिमेट' ही सर्व मंडळी लॅटिन 'लेक्स'कडून मागवावी लागली. आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातले अर्धेअधिक शब्द या पंगतीतले आहेत. ते सर्व एकट्या रघुवीरांनीच घडविले असे म्हणणे इतरांवर अन्याय करणारे होईल, कारण त्या काळात अनेक मंडळी या कामाला लागली होती; पण शब्दांची पंगत उठवावयाची, सुटा शब्द घ्यावयाचा नाही, हा आग्रह त्यांच्याइतका कोणी धरला नाही.

अशी टांकसाळ आपल्याकडे पूर्वीही एकदा चालली होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. त्यांतला 'सचिव' आज मंत्रालयात आहे. 'जमीन', 'शिपाई', 'सरकार' मात्र त्या कोशाला न जुमानता येथेच राहिले.

आता वादाकडे येतो, आणि येथे आपला जिल्हा मध्ये येतो. रघुवीर संविधान सभेचे सभासद होते आणि राष्ट्रभाषेच्या चर्चेत संस्कृताकडे झुकणाऱ्या हिंदीचे ते खंदे पुरस्कर्ते होते. आणि इकडे वर्ध्यात काय होते? इ. स. १९३६ मध्ये येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्याच वर्षी गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले. इ. स. १९४२ मध्ये त्यांच्या प्रेरणेने येथेच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. गांधीजींचा ओढा साध्या हिंदुस्तानीकडे होता. जी बाजारात, शेतात, रेल्वेच्या डब्यात बोलली जाते आणि नागरी व उर्दू दोन्ही लिप्यांत लिहिता येते, तिच्याकडे. म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या अंतरात भाषेचे दोन कारखाने चालू होते. एकाचे तोंड संस्कृताकडे, दुसऱ्याचे चव्हाट्याकडे. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने हिंदीचा निर्णय केला. पुढे अनुच्छेद ३५१ मध्ये शब्द मुख्यतः संस्कृतातून आणि नंतर इतर भाषांतून घ्यावे असे आले, आणि त्याच अनुच्छेदात हिंदुस्तानीच्या शैलीलाही जागा ठेवली गेली. गांधीजी तो दिवस पाहावयास नव्हते.

या वादात माझे मत काय, हे विचारण्याइतकी मी मोठी नाही. पण आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच, आणि त्यामुळे हा वाद मला पुस्तकातला वाटत नाही. गेल्या वर्षी एका कार्यालयाचे पत्र घरी आले. शेतीच्या एका अनुदानासाठी वडिलांनी अर्ज केला होता. पत्रात लिहिले होते की, सदर अनुदान अनुज्ञेय नाही. वडील चौथी शिकलेले. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि माझ्याकडे दिले. पैसे भेटतात की नाही भेटत, एवढेच त्यांना हवे होते. 'अनुज्ञेय' शब्दाची फोड मला करता येत होती : 'अनु' आणि 'ज्ञा', तोच 'ज्ञा', जो 'इन्कॉग्निटो'मध्ये आहे. ती फोड त्यांना सांगून उपयोग नव्हता. भेटत नाही, असे सांगितले. ते उठून बैलांकडे गेले.

इंग्रजीतल्या 'अॅडमिसिबल'ने तरी त्यांना काय कळले असते, असे रघुवीरांच्या बाजूने म्हणता येईल. आणि ते खरेही आहे. इंग्रजी शब्दाला आमच्या घरात कोणतेच मूळ नाही, तर संस्कृत शब्दाचे मूळ शोधले तर सापडते. मला ते सापडले, म्हणून तर मला पदवीचे पुस्तक वाचता येते. पण हेही म्हटले पाहिजे की, ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पाटीच आली नाही, तेथे संस्कृतही लॅटिनइतकीच लांबची. तिला 'आपली' म्हणावयाचे ते व्याकरणाच्या नात्याने. शेतकऱ्याला पाठविलेल्या पत्रात सेवाग्रामचेच बरोबर आहे, आणि शास्त्राच्या वर्गात नागपूरचे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट वाटते ती येथेच सांगून टाकते. आमच्या गावच्या टाकीवर 'पेयजल योजना' असे रंगविलेले आहे. इंग्रजीत त्याला 'पोटेबल वॉटर' म्हणतात. 'पोटेबल'मधला 'पो' आणि 'पेय'मधला 'पे', दोहोंचे मूळ 'पा' म्हणजे पिणे. टाकीखाली घागर लावणाऱ्या बाया मात्र 'पेयजल' म्हणत नाहीत, 'प्यायचं पाणी' म्हणतात. पण 'पिणे' कोठून आले? त्याच 'पा'पासून. 'जाणणे' त्याच 'ज्ञा'पासून. म्हणजे टांकसाळीला लागणारा धातू घागरीजवळही होता. रघुवीरांनी खाण शोधली ती अगदी खाली, पाणिनीच्या थरात. वरच्या थरात, लोकांच्या तोंडी, तोच धातू घासून गुळगुळीत होऊन पडलेला होता; त्याकडे त्यांनी फारसे वळून पाहिले नाही. माझ्या मते त्यांच्या कामातली उणीव ही.

थट्टा मात्र त्यांची भलत्याच कारणासाठी झाली. आगगाडीला 'लोहपथगामिनी' आणि गळ्यातल्या टायला 'कंठलंगोट' हे शब्द त्यांच्या नावावर खपविण्यात आले. त्यांच्या कोशांचे अभ्यासक सांगतात की, असले शब्द विनोद करणाऱ्यांनीच रचले होते. एखाद्या माणसाने लाखभर शब्द केले आणि लोकांच्या लक्षात त्याने न केलेले दोन शब्द राहिले, ही त्याची शोकांतिका म्हणावी की लोकांच्या स्मरणशक्तीची? महाराष्ट्र राज्य झाल्यावर आपल्या भाषा संचालनालयाच्या 'पदनाम कोशा'चीही अशीच टर उडविली गेली होती.

इंग्रजांनीही आपल्या लॅटिन शब्दांची अशीच टर उडविली होती, हे आपल्याला माहीत नसते. सोळाव्या शतकात इंग्रज लेखक लॅटिनमधून शब्दांची आयात करू लागले तेव्हा त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून हिणविले गेले. इ. स. १५५३ मध्ये टॉमस विल्सन नावाच्या लेखकाने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात असल्या शब्दांनी ठासून भरलेले एक गमतीचे पत्रच छापले. त्यातले 'अॅडज्युव्हेट', 'ऑब्टेस्टेट' असे शब्द आज इंग्रजांनाही ठाऊक नाहीत. पण त्याच पत्रात ज्यांच्यावर तो हसला ते 'सेलिब्रेट', 'कपॅसिटी' आणि 'डेक्स्टेरिटी' आज शाळकरी मुले लिहितात. 'डेक्स्टेरिटी' म्हणजे हातोटी. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा, आणि संस्कृत 'दक्षिण' म्हणजेही उजवा. शब्द जगणार की मरणार हे थट्टेवरून ठरत नाही.

रघुवीरांच्या शब्दांचेही असेच झाले. रसायनशास्त्रासाठी त्यांनी ऑक्सिजनला 'जारक', हायड्रोजनला 'उदजन', नायट्रोजनला 'भूयाति' आणि कार्बनला 'प्रांगार' अशी नावे दिली होती. 'उदजन' तर फार नेटका होता : 'उद' म्हणजे पाणी, ते जन्माला घालणारा, 'हायड्रोजन'चा ग्रीकमधला अर्थ नेमका हाच. तरी तो चालला नाही. मराठीत 'प्राणवायू' आधीच रुळलेला होता, आणि केंद्र सरकारने इ. स. १९६१ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच नागरीत लिहावी असे धोरण ठेवले. कारभाराच्या शब्दांचे नशीब निराळे. इ. स. १९५५ मध्ये त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश निघाला आणि पुढच्या कोशकारांना तो टाळून जाता आले नाही.

त्याच वर्षी ते चीनला गेले. हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा अध्याय, आणि खरे तर त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. बौद्ध ग्रंथांच्या शोधात ते चीन, मंगोलिया, सैबेरिया असे हिंडले आणि हस्तलिखिते, छापील ग्रंथ, चित्रे यांच्या पेट्यांच्या पेट्या घेऊन आले. मंगोल भाषेतला 'कंजूर', म्हणजे बुद्धवचनांचा प्रचंड संग्रह, त्यांनी आणलेल्या धनात होता. हे सर्व प्रसिद्ध करण्यासाठी 'शतपिटक' ही ग्रंथमाला सुरू झाली. इ. स. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि सरस्वती विहारही त्याच वर्षी दिल्लीला गेला. नागपूर आणि रघुवीर यांचा संबंध असा एकाच वर्षी दोन्हीकडून सुटला.

इ. स. १९५२ पासून ते काँग्रेसतर्फे राज्यसभेत होते. चीन त्यांनी पाहिला होता, तेथली भाषा त्यांना येत होती, आणि सरकारचे चीनविषयीचे धोरण त्यांना पटेनासे झाले. इ. स. १९६१ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. पुढच्या वर्षी चीनचे आक्रमण झाले. डिसेंबर १९६२ मध्ये ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले. ज्या देशातून ग्रंथ आणले त्याच देशाविरुद्ध त्यांना बोलत हिंडावे लागले.

अध्यक्षपद पाच महिनेच लाभले. मे १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादेस लोकसभेची पोटनिवडणूक होती व डॉ. राममनोहर लोहिया उभे होते. लोहिया समाजवादी, रघुवीर जनसंघाचे. लोहियांना बोलीतली हिंदी प्रिय, रघुवीरांना संस्कृतातली. इंग्रजी कारभारातून गेली पाहिजे यावर मात्र दोघांचे एकमत. लोहियांच्या प्रचारासाठी रघुवीर मोटारीने निघाले असता कानपूरजवळ अपघात झाला आणि १४ मे १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वय साठ. लोहिया निवडून आले.

शतपिटकाचे काम त्यांचे पुत्र डॉ. लोकेशचंद्र यांनी पुढे चालविले आणि तिचे शेकडो खंड निघाले. कोशातले शब्द आपापल्या नशिबाने गेले. 'जारक' आता जुन्या कोशांच्या पानांतच भेटतो. 'विधी'ने मात्र घर केले. जिल्ह्याजिल्ह्यातल्या न्यायालयांत 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' अशी पाटी आहे, आमच्या वर्ध्यातही आहे. गावाकडच्या माणसाला मात्र तिचा पत्ता सांगावयाचा झाला तर, कोर्टात जेथे फुकट वकील भेटतो ती खोली, असाच सांगावा लागतो.